पुन्हा बोर्ड काढायला बसू का?

प्रश्न : ताई, मी ३१ वर्षांचा. चौदा महिने एका ॲनिमेशनपटाचा दिग्दर्शक होतो. मार्चमध्ये काम बंद पडलं, टीम पांगली. जुन्या स्टुडिओत स्टोरीबोर्डचं, म्हणजे शॉटशॉटची कच्ची चित्रं काढायचं काम मिळतंय, पण दुसऱ्याने घडवलेल्या मालिकेवर. मामा म्हणतात, महापेच्या कंपनीत चिकटवतो. दिग्दर्शक होऊन पुन्हा बोर्ड काढायचे म्हणजे मागेच जायचं ना?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : माझी पहिली मालिका अकराव्या भागावर बंद पडली, त्या संध्याकाळी घरी जायला पाय उचलेना. तलावपाळीला बसून राहिले. पिशवीत बाराव्या भागाचे बोर्ड होते, प्रत्येक शॉटखाली स्टॉपवॉच लावून लिहिलेले सेकंद. त्यामुळे तुझं पत्र मी दोनदा वाचलं.

जपानी ॲनिमेशन दिग्दर्शक मामोरू होसोदांचं तुला ठाऊक असेल. कॉलेज संपल्यावर घिब्ली या नावाजलेल्या ॲनिमेशन स्टुडिओने त्यांना घेतलं नव्हतं. पुढे त्याच घिब्लीने ‘हाऊल्स मूव्हिंग कॅसल’ दिग्दर्शित करायला बोलावलं. तयारी सुरू झाली आणि चित्रपट हातून गेला. नंतर तो घिब्लीच्याच हायाओ मियाझाकींनी केला. होसोदा तेव्हा पस्तिशीला आले होते.

ते तोएई या ॲनिमेशन कंपनीत परतले. १९९१ साली ॲनिमेटर म्हणून लागले होते, तिथेच. ‘ओजामाजो दोरेमी’ ही लहान मुलींची मालिका, चौथं पर्व, पात्रं आधीच ठरलेली. २००२ साली त्यांनी तिचा चाळिसावा भाग केला. तो मिळाला तर जरूर बघ. मैत्रिणींचं पुढचं ठरलंय, दोरेमीचं काहीच नाही. रस्त्याला फाटा येतो, ती रोजची वाट सोडते आणि काचकाम करणाऱ्या एका बाईपाशी पोचते. ती जादू सोडलेली चेटकीण. तुझ्यासारख्या अवस्थेतल्या माणसाने हे केलंय, हे फ्रेमफ्रेममध्ये दिसतं. कुठेही हात आखडलेला नाही.

त्या बाईचा आवाज तोमोयो हारादांचा. यासुताका त्सुत्सुईंच्या काळ ओलांडणाऱ्या मुलीच्या कादंबरीवर १९८३ साली चित्रपट निघाला, त्याच्या त्या नायिका. २००६ साली होसोदांनी मॅडहाऊस या स्टुडिओत त्याच कादंबरीवरून ॲनिमेशनपट केला. मोजक्याच थिएटरांत लागला, तोंडोतोंडी पसरला आणि जपान अकॅडमीचा ॲनिमेशनपटासाठीचा पहिलावहिला पुरस्कार घेऊन गेला. स्वतःचा स्टुडिओ चिझू २०११ चा. त्यांच्या ‘मिराई’ या ॲनिमेशनपटाचं ऑस्कर नामांकन त्यानंतरचं.

तेव्हा बोर्डचं काम घे. घरचा हप्ता त्या पगारात भागत नसेल तर मात्र मामांशी आधी मोकळेपणाने बोल, त्यांच्यावर रागावू नकोस, त्यांना काळजी आहे. स्टुडिओकडे एकच मागणी लावून धर : चार भागांतले सुटे तुकडे नकोत, एक अख्खा भाग माझा. आणि जुन्या कामातले कोणते बोर्ड दाखवायची परवानगी आहे, हे निर्मात्याकडून लेखी घे, टीम पांगलीय तर या आठवड्यातच.