मालिका संपते, करार चालूच राहतात

सांगलीच्या ताईंना,
स. न. वि. वि.

मुलगी कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे, रात्र रात्र जुन्या अमेरिकन मालिका बघते आणि ‘या मालिका परत कुठून येतात, ते ठरवणाऱ्यांत मला काम करायचंय’ म्हणते. असं काम खरंच असतं का, असं तुम्ही विचारलंत. असतं, ताई. तिला रागावू नका.

अमेरिकेत मालिका आधी नेटवर्कवर, म्हणजे देशभर दिसणाऱ्या मोठ्या वाहिनीवर लागते. मालकी बहुधा स्टुडिओची. पुढे तेच भाग ठिकठिकाणच्या स्थानिक वाहिन्यांना विकले जातात, याला सिंडिकेशन म्हणतात. सोमवार ते शुक्रवार रोज एक भाग लावायचा, तर शंभर भागांत वीस आठवडे निघतात. म्हणून मालिकेचे शंभर भाग होण्याला या धंद्यात एवढं महत्त्व. पण तो काही नियम नाही. ‘स्टार ट्रेक’ 1969 मध्ये 79 भागांवर बंद पडली आणि खरी गाजली ती त्यानंतर, या पुनःप्रक्षेपणातच.

स्ट्रीमिंगवर यायचं तर घोडं अडतं हक्कांपाशी. ‘मूनलाइटिंग’ ही 1985 ते 1989 ची एबीसी नेटवर्कवरची लोकप्रिय मालिका हुलू या स्ट्रीमिंग सेवेवर आली थेट 2023 च्या ऑक्टोबरात. मोठा अडसर होता गाण्यांचा. एखाद्या प्रसंगात मागे रेडिओवर वीस सेकंद गाणं वाजलं, तरी गीत-संगीताचा हक्क एकाकडे, रेकॉर्डिंगचा दुसऱ्याकडे. जुन्या करारांत इंटरनेटचा उल्लेखच नसतो, मग एकेका गाण्यासाठी नव्याने बोलणी करावी लागतात. नाहीच जमलं तर गाणं बदलतात. ‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’ ही तर रेडिओ स्टेशनवरचीच मालिका, पण पुढच्या प्रक्षेपणांत तिच्यातली कितीतरी मूळ गाणी गेली. मला त्याचं फार वाईट वाटतं. नीट वाचलेला करार एखादी कलाकृती शाबूत ठेवू शकतो, म्हणून या कामाला मी मोठं मानतो.

तिने 1957 चा कॉपीराइट कायदा आणि त्यातली 2012 ची दुरुस्ती बारकाईने वाचावी. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क त्या दुरुस्तीने पक्का केला. करार हाती आला की प्रदेश, मुदत आणि माध्यम ही तीन कलमं आधी बघायची सवय लावावी. सुट्टीत मुंबईत एखाद्या निर्मितीसंस्थेच्या कायदा विभागात इंटर्नशिप मिळाली तर उत्तम.

तोवर घरबसल्या एक करू द्या. आवडत्या मालिकेचा एक भाग घेऊन कुठलं संगीत कितव्या सेकंदाला सुरू झालं, कधी थांबलं, पात्रांना ऐकू येतंय की फक्त पार्श्वभूमीला आहे, कुणाचं आहे, हे वहीत उतरवायचं. या तक्त्याला धंद्यात क्यू शीट म्हणतात. पहिली शीट झाली की मला पाठवा, मी तपासून देईन.