दिवसाची झोप आणि तीन रुपये शेकडा

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

रात्रपाळी, वर ओव्हरटाईम आणि आठवड्याआड रात्रीचं केळीला पाणी, यात झोप कुठून आणायची, असं तू विचारलंस. मी अंथरुणाच्या आधी व्याजाचं बोलतो, कारण तुझी निम्मी झोप तिकडंच जाते आहे.

कागद घेऊन बस. गावातल्या माणसाकडून 50,000 उचललेत तीन रुपये शेकड्यानं. म्हणजे महिन्याला 1,500 नुसतं व्याज, मुद्दल जिथल्या तिथं. रोज 520 धरला तर तासाला 65 पडतात. ओव्हरटाईम साध्या दरानं मिळत असेल, तर त्या व्याजापायी महिन्याला 23 तास जास्त उभं राहायचं. तेच पैसे सोन्याची पोत बँकेत तारण ठेवून, समज वर्षाला 10 टक्क्यांनी घेतले, तर व्याज 417 च्या आसपास, म्हणजे साडेसहा तासांचं काम. मधले सोळा-सतरा तास म्हणजे दोन रात्रींची झोप. घरात खळखळ होईल. आईला सांग, मोडायची नाही, फक्त ठेवायची आहे. व्याज मात्र महिन्याच्या महिन्याला भर. वर्षाअखेरी एकदम बघू म्हणणाऱ्यांचेच दागिने लिलावात निघतात. शेतीच्या खर्चासाठी तर सावकाराकडे जायचं कारणच नाही. 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं की डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून ते बिनव्याजी पडतं.

पगाराची चिठ्ठीही नीट वाच. कारखान्याच्या कामगाराला जादा तासांचा दर कायद्यानं दुप्पट आहे, ठेकेदारामार्फत लागला असलास तरी. चिठ्ठीवर साधाच दर दिसला तर एकटा भांडायला जाऊ नकोस, चार-पाच जण मिळून लेखी विचारा.

आता झोप. मोठ्या माणसाला चोवीस तासांत किमान 7 तास लागतात, पण ते एका दमात मिळालेच पाहिजेत असं नाही. 11 ते 7 ची पाळी असेल तर सकाळी पावणेआठ ते दुपारी सव्वा आणि संध्याकाळी साडेसात ते नऊ, असे दोन तुकडे पाड. दुसरा तुकडा बहुतेक जण सोडतात आणि तिथंच फसतात. दुपारी दोनला उठलेला माणूस सकाळी सातला सुटतो, तेव्हा त्याचं 17 तासांचं जागरण झालेलं असतं. इतक्या जागरणानंतर हात आणि डोळे रक्तात 100 मिलीला 50 मिलिग्रॅम दारू असल्यासारखे चालतात. गाडी चालवायची कायद्यातली मर्यादा 30 आहे. एमआयडीसीतून सुटून भुसावळ रोडला लागताना मागचा एखादा किलोमीटर आठवत नसेल, तर तेवढा वेळ तू झोपेतच गाडी चालवलीस असं समज. त्या दिवशी गेटवरच 20 मिनिटं डोळे मीट, तोंड धू, पाच-दहा मिनिटं चाल आणि मगच किक मार. 20 ची 45 मिनिटं होऊ देऊ नकोस, गाढ झोपेतून उठल्यावर डोकं आणखी बधिर होतं.

चहाचा असर निम्मा व्हायला साधारण 5 तास लागतात. म्हणून शेवटचा कट पहाटे तीनच्या आत. तंबाखूची चिमूटही झोप उडवते, 'डोकं शांत होतं' हा नुसता भास. पोटभर जेवण कामावर निघायच्या आधी. रात्री दोनला डब्यातली वरणबट्टी खाल्लीस तर सकाळी आडवं पडल्यावर छातीत जळजळणारच. तेव्हा केळं किंवा मुरमुरे-शेंगदाणे पुरे.

आपल्याकडचा खरा शत्रू मे महिना. पत्र्याच्या खोलीत अकरानंतर झोपणं म्हणजे भट्टीत पडणं. धाब्याच्या घरातली मधली खोली मोकळी असेल तर ती माग, मातीचं छत उशिरा तापतं. नसेल तर पत्र्याला वरून चुन्याचे दोन हात दे आणि खिडकीला ओलं गोणपाट बांध, त्यानं अंधारही होतो. कुलर लावलास तर समोरची खिडकी चार बोटं उघडी हवी. दमट हवेला बाहेर जायला वाट नसली की अंग चिकचिकतं आणि लोक कुलरलाच शिव्या देतात. पावसाळ्यात तसाही त्याचा उपयोग नाही, तेव्हा नुसता पंखा बरा.

आणि माउली. ती बाराला दार ठोठावून "भाऊ, जेवी ले" म्हणणार, मायेनंच. पण त्या हाकेनं सव्वा तास जातो, आणि पुन्हा डोळा लागत नाही. दारावर कागद लाव: दीडपर्यंत उठवू नये. मोबाईल दुसऱ्या खोलीत, गजराला वेगळं घड्याळ.

सात तास अंधारात पडूनही दिवसभर पेंग येत असेल आणि घरचे जोरात घोरतोस म्हणत असतील, तर डॉक्टरला दाखव. मेडिकलमधून स्वतःच्या मनानं गोळी आणू नकोस. कर्जाच्या विचारानंच पंधरा-वीस दिवस डोळा लागत नसेल तर 14416 वर फोन लाव. टेलिमानस आहे, सरकारी आहे, पैसे पडत नाहीत.

राहिलं रात्रीचं पाणी. रात्रपाळीचा आणि शेतीला रात्री लाईट येण्याचा आठवडा एकच येऊ देऊ नकोस, सुपरवायझरशी आधीच बोलून पाळी बदलून घे. ऑटोस्विच लावून घरी झोपायचा मोह होतो, पण लाईट आल्याबरोबर सगळ्या शिवाराच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळते आणि मग चार दिवस कुणालाच पाणी नाही. त्यापेक्षा 'मागेल त्याला सौर कृषी पंप' मध्ये अर्ज कर. खुल्या गटाला 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातीला 5 टक्के हिस्सा भरायचा असतो. अडीच एकरापर्यंत 3 एचपी, पाच एकरापर्यंत 5 एचपी. तो बसला की पाणी दिवसाच देता येईल. तोवर रात्री बांधावर जाताना गमबूट घाल आणि बॅटरी पायापुढे धर.