रात्री १० ते सकाळी ६ या शिफ्टमध्ये वेळ बसते का हे तपासणारी माझी अट कायम फॉल्स का येते?

तुमची अट «वेळ >= २२:०० && वेळ < ०६:००» अशी असणार. रात्री दहाच्या पुढची आणि सकाळी सहाच्या आतली, दोन्ही एकदम, अशी वेळच नसते. शिफ्ट मध्यरात्र ओलांडत असेल, म्हणजे सुरुवात शेवटापेक्षा मोठी असेल, तर && (आणि) ऐवजी || (किंवा) हवं. नसेल तर && बरोबर.

दोन फांद्या नको असतील तर मिनिटांत मोजा (तास × ६० + मिनिटं; % म्हणजे भागाकाराची बाकी):

(वेळ − सुरू + १४४०) % १४४० < (शेवट − सुरू + १४४०) % १४४०

रात्री ११:३० म्हणजे १४१०, सुरू १३२०, शेवट ३६०. डावीकडे ९०, उजवीकडे ४८०, म्हणजे आत. सकाळी ७ ला डावीकडे ५४० येतात, म्हणजे बाहेर. ते १४४० मिळवणं गाळू नका. पायथनमध्ये निभावेल, पण जावा आणि जावास्क्रिप्टमध्ये ऋण संख्येची बाकी ऋणच राहते, मग उजवीकडे −९६० येऊन साडेअकरा शिफ्टबाहेर पडतात. सुरू आणि शेवट सारखेच असतील तर उजवीकडे शून्य येतं. २४ तासांची शिफ्ट असेल तर तेवढी अट वेगळी लिहा.

शेवटाला < च ठेवा. <= केलंत तर सहाचं पंचिंग या आणि सहाला सुरू होणाऱ्या पुढच्या, अशा दोन्ही शिफ्टमध्ये मोजलं जाईल.

जावास्क्रिप्टमध्ये «सुरू <= वेळ < शेवट» असं सलग लिहू नका. पहिल्या तुलनेचं उत्तर ० किंवा १ धरलं जातं आणि ते ३६० पेक्षा लहानच, त्यामुळे कायम ट्रू. एररसुद्धा येत नाही! वेळ स्ट्रिंगमध्ये असेल तर '९:३०' हे '१०:००' पेक्षा मोठं ठरतं, कारण तुलना पहिल्या अक्षरापासून होते.

लॅपटॉपवर चालतं आणि सर्व्हरवर नाही, असं झालं तर आधी टाइमझोन बघा. सर्व्हर बहुतेक यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतो. आपले रात्रीचे १० म्हणजे तिथे १६:३०. तुलनेआधी वेळ आशिया/कोलकाता (भारतीय वेळ) झोनमध्ये आणा.

२१:५९, २२:००, ००:००, ०५:५९ आणि ०६:०० एवढ्या वेळा टाकून बघा. हजेरी तारखेवार लावणार असाल तर अजून एक: मंगळवारी पहाटे २ चं पंचिंग सोमवारच्या शिफ्टचं आहे. अशा शिफ्टमध्ये वेळ शेवटापेक्षा लहान असेल तर तारखेतून एक दिवस वजा करा.