शेततळ्यातलं शेवाळ, कार्बन क्रेडिट आणि आपलं पाचट

वाळवा तालुक्यातल्या एका ऊस उत्पादकाने विचारलं आहे: "सूक्ष्म शेवाळ हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं असं ऐकलं. माझ्या शेततळ्याचं पाणी हिरवंगार झालंय. ते तसंच राखलं तर कार्बन क्रेडिटचे पैसे मिळतील का? एक जण नोंदणीसाठी आगाऊ रक्कम मागतोय." तासगावच्या एका द्राक्ष बागायतदाराला अशाच हिरव्या पाण्याने फवारणी करावी की नाही, हे जाणून घ्यायचं आहे.

वाळव्याच्या दादांना आधी एवढंच सांगतो, त्याला पैसे देऊ नका. आता कारणं. कार्बन क्रेडिट म्हणजे हवेतला कार्बन खरोखर साठवून ठेवला, या हिशेबावर मिळणारे पैसे.

शेवाळ कार्बन ओढतं, हे खरंच आहे. या एकपेशीय जिवाला ना मूळ ना खोड, त्यामुळे प्रकाशातून कमावलेली बरीचशी ऊर्जा वाढीवरच खर्च होते. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट पेशी आत खेचून घेते आणि त्यापासून साखर बनवते. एक किलो वाळलेलं शेवाळ तयार व्हायला सुमारे १.८ किलो कार्बन डायऑक्साइड लागतो.

हे तुम्हाला घरबसल्या पाहता येईल. उजाडताना एकदा आणि दुपारी तीनच्या सुमारास पुन्हा, तळ्यात सामू (पीएच) मोजायची पट्टी बुडवा. दाट हिरव्या पाण्याचा सकाळी ८ च्या आसपास असलेला सामू दुपारी ९ च्या वर गेलेला दिसेल, कारण दिवसभरात शेवाळाने पाण्यातला कार्बन डायऑक्साइड संपवलेला असतो. अशा पाण्यातला चुनाही मग खाली बसू लागतो. तासगावकरांनी दुपारचं हे पाणी फवारणीला घेऊ नये. कॅप्टनसारखी बुरशीनाशकं जास्त सामूच्या पाण्यात लवकर निकामी होतात. पाणी पहाटे घ्या, तरी सामू मोजाच, आणि जास्त निघाला तर सायट्रिक ॲसिडने ६ ते ६.५ वर आणा. ठिबकला सोडताना वाळूचा फिल्टर रोज उलट धुवा.

पण ओढलेला कार्बन म्हणजे साठवलेला कार्बन नव्हे. ही खळ्यावरची रास आहे, कणगीत भरलेलं धान्य नाही. रात्री तेच शेवाळ श्वसन करून काही कार्बन परत सोडतं. मेलेलं शेवाळ कुजलं की उरलेलाही बहुतेक निघून जातो, आणि तळाशी प्राणवायू नसेल तर त्याचा मिथेन होतो. तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त उष्णता धरून ठेवतो. शेवाळ वाढवायचं, काढायचं, वाळवायचं आणि कार्बन परत हवेत जाणार नाही अशा रूपात ठेवायचं, एवढं सगळं झालं तरच हिशेब जमतो. स्पिरुलिना (खाण्याचं निळं-हिरवं शेवाळ) करून विकली तर उत्पन्न मिळेल, पण खाणाऱ्याच्या श्वासातून तो कार्बन हवेतच जाणार.

माझ्या मते या कामाची खरी जागा साखर कारखान्याच्या आसवनीशेजारी, म्हणजे इथेनॉल बनतं त्या विभागाशेजारी आहे. एक लिटर इथेनॉलमागे पाऊण किलोच्या आसपास, बऱ्यापैकी शुद्ध कार्बन डायऑक्साइड आंबवण्याच्या टाकीतून निघतो. तो वीतभर खोलीच्या, फिरत्या पाण्याच्या तळ्यांत सोडता येतो. कृष्णाकाठच्या ज्या क्षारपड जमिनीत आज काही उगवत नाही, तिथे अशी तळी व्हावीत असं मला मनापासून वाटतं. स्पिरुलिनाला खारट, अल्कधर्मी पाणीच मानवतं. मात्र हे भांडवलाचं काम आहे, एकट्या शेतकऱ्याने अंगावर घेऊ नये.

शिवाय ऊस काही कमी नाही. चांगल्या तळ्यात दर चौरस मीटरला रोज १० ग्रॅम वाळलेलं शेवाळ धरलं, तर ३०० दिवसांत एकरी १२ टन होतं. एकरी ४० टन उसातलं पाणी वजा करा, जवळपास तेवढंच कोरडं वजन भरेल! वर ३ ते ४ टन पाचट. तेच आपण काडी लावून एका संध्याकाळी हवेत सोडतो.

म्हणून तळ्याआधी पाचटाकडे बघा. तोडणीनंतर बुडखे मोकळे करून पाचट सरीत दाबा. पाचटाच्या टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकून पाणी द्या. कुजताना यातलाही बराच कार्बन उडून जातो, पण थोडा भाग ह्यूमस होऊन मातीत राहतो, आणि जाळल्यावर तोही राहत नाही. शिराळ्याच्या भातकऱ्यांनी रोपलागणीनंतर आठ-दहा दिवसांनी हेक्टरी १० किलो निळं-हिरवं शेवाळ खाचरात जरूर टाकावं. ते हवेतला नत्र धरतं, युरियाची बचत होते.

आणि मातीतला सेंद्रिय कर्ब याच हंगामात तपासून अहवाल जपून ठेवा. उद्या खरा कार्बन प्रकल्प गावात आला, तर सुरुवातीला किती कर्ब होता हेच आधी विचारतील.