वाचक विचारतात: जुना पीसी, बिघडलेले फॉन्ट

प्रश्न: बार्शीत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, दहाव्याची कार्डं, असं काम असतं. मशीन विंडोज एक्सपीचं. ते बदलता येत नाही, कारण मराठी सॉफ्टवेअरचं डोंगल (ज्याशिवाय ते चालत नाही ती किल्लीसारखी वस्तू) मागच्या पॅरलल पोर्टलाच लागतं. गेल्या आठवड्यात काम चालू असताना लाइट गेली. पुन्हा चालू केलं तर मेनूत नुसते चौकोन, विंडो बंद करायच्या फुलीच्या जागी इंग्रजी 'आर', आणि जुन्या पत्रिकांत मराठीऐवजी टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं. मेकॅनिक म्हणतो, फॉरमॅट मारावा लागेल. पंधरा वर्षांचं काम आहे यात. काय करू?

उत्तर: फॉरमॅट मारू देऊ नका. तुम्ही तो 'आर' लिहून कळवलात हे फार बरं झालं, कारण रोग तिथेच कळतो.

विंडोजच्या क्लासिक रूपात कोपऱ्यातली फुली हे चित्र नसतं, ते मार्लेट नावाच्या फॉन्टमधलं एक अक्षर असतं. त्या फॉन्टमध्ये शून्याच्या जागी मिनिमाइझची रेघ, एकच्या जागी मॅक्सिमाइझचा चौकोन आणि छोट्या 'आर'च्या जागी फुली काढलेली आहे. मार्लेट वाचता आला नाही की विंडोज दुसरा फॉन्ट लावतं आणि आतला खरा 'आर' उघडा पडतो. तुमच्या पत्रिकांचंही नेमकं तेच झालंय. मजकूर गेलेला नाही, त्याच्यावरचा फॉन्ट निघालाय.

एकाच वेळी इतके फॉन्ट बिघडले, म्हणजे दोष एकेका फॉन्टमध्ये असण्यापेक्षा कॅशमध्ये असण्याची शक्यता जास्त. दर वेळी सगळे फॉन्ट उघडावे लागू नयेत म्हणून विंडोज त्यांची माहिती एका फाइलीत साठवून ठेवतं, तीच कॅश. ती लिहिली जात असताना लाइट गेली की ती अर्धवट राहते.

सगळ्यात आधी तुमच्या कामाच्या फाइली आणि सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमधला 'फॉन्ट्स' फोल्डर, दोन्ही पेन ड्राइव्हवर कॉपी करा. हे झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग मशीन रिस्टार्ट करून एफ-८ दाबत राहा आणि सेफ मोड (विंडोज फक्त गरजेपुरतं चालू करणारा पर्याय) निवडा. विंडोजमधल्या सिस्टिम-३२ फोल्डरमध्ये एफएनटी-कॅश नावाची डॅट फाइल असते (मधे रेघ किंवा जागा नाही). ती पुसू नका, नाव बदलून शेवटी 'ओल्ड' करा आणि नेहमीसारखं रिस्टार्ट करा. विंडोज ती फाइल नव्याने तयार करतं.

एवढ्याने फुली आली आणि मराठी मात्र आली नाही, तर मराठी फॉन्ट एकेक तपासा. फॉन्टवर डबल-क्लिक केलं की नमुन्याचं पान उघडतं. त्यावर देवनागरीत अर्थहीन शब्द दिसतील. घाबरू नका, ते इंग्रजी वाक्य तुमच्या फॉन्टमध्ये उमटलेलं असतं. वळणं नीट दिसली की फॉन्ट शाबूत आहे. पान उघडलंच नाही तर तो फॉन्ट काढून टाका, डिस्क तपासून घ्या, आणि मूळ सीडीवरून पुन्हा टाका. टाकताना खाली 'फॉन्ट्स फोल्डरमध्ये कॉपी करा' अशी एक चौकट असते, तिच्यात टिक हवीच. नाहीतर विंडोज फॉन्ट सीडीवरूनच वाचतं आणि सीडी काढली की मराठी गायब. मार्लेट किंवा टाहोमासारखा विंडोजचा स्वतःचा फॉन्ट खराब झाला असेल तर एक्सपीची सीडी घालून 'एसएफसी स्कॅननाऊ' ही आज्ञा चालवा, स्कॅननाऊच्या आधी एक जागा आणि स्लॅश द्या.

तोवर जुनी पत्रिका पेजमेकरमध्ये (पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडू नका. उघडावीच लागली तर फॉन्ट नाही म्हणून तो पर्याय सुचवतो, तिथे 'कायमचा' कधीही निवडू नका, 'तात्पुरता' निवडा आणि सेव्ह न करता बंद करा.

मी हे इतकं पोटतिडकीने सांगते, कारण २००१च्या दिवाळी अंकाच्या वेळी मी हे भोगलंय. नारायण पेठेतल्या एका छापखान्यात विंडोज ९८वर मी अंक लावत होते. कुणीतरी फॉन्टची सीडी आणली आणि मी सगळेच्या सगळे निवडून टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच 'आर'. विंडोज ९८मध्ये फॉन्टची यादी रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीतल्या) एकाच ठिकाणी राहते, तिथे ६४ केबीच मावतात, म्हणजे साधारण १००० नावं. तिथे कॅशची फाइलही वेगळी, विंडोज फोल्डरमध्येच लपवलेली टीटीएफ-कॅश. मी निम्मे फॉन्ट काढले, ती फाइल पुसली, तेव्हा कुठे मशीन ताळ्यावर आलं. दोन रात्री गेल्या त्यात, आणि मुखपृष्ठावरची कविता पुन्हा टाइप करावी लागली. एक्सपीला ती मर्यादा नाही, तरी रोज लागतात तेवढेच फॉन्ट ठेवा. गिऱ्हाइकाने आणलेला फॉन्ट थेट टाकू नका. फाइलचं नाव वेगळं असलं तरी फॉन्टचं आतलं नाव तेच असू शकतं, आणि मग दोघे भांडतात.

यूपीएस घ्याच. तो असूनही महिन्याभरात पुन्हा असं झालं तर हार्ड डिस्क जात आलीय असं समजा आणि बदला.

आणखी एक गोष्ट मनावर घ्या. तुमचा सगळा मजकूर जुन्या पद्धतीचा आहे. फाइलीत 'क' साठवलेलाच नाही, एक इंग्रजी खूण आहे, आणि तिला 'क' तो एक फॉन्टच बनवतो. म्हणून त्या फॉन्टची फाइल दोन सीडींवर ठेवा, एक दुकानात, एक घरी. महत्त्वाच्या कामाची फॉन्ट एम्बेड केलेली, म्हणजे फॉन्ट आतच भरलेली, पीडीएफ करून ठेवा. ती छापता येईल, पण तिच्यातून मजकूर कॉपी केलात तर पुन्हा त्याच टोप्या दिसतील. अहवालांसारखा वर्षानुवर्षं लागणारा मजकूर हळूहळू युनिकोडमध्ये (जिथे फाइलीत खरा 'क'च साठवला जातो) बदलून घ्या आणि प्रत्येक पान डोळ्यांखालून घाला. रफार आणि जोडाक्षरं कन्व्हर्टर हमखास चुकवतात.

प्रश्न: घरच्या एक्सपीवर मैत्रिणीने पाठवलेली मराठी फाइल उघडली तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडते आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले दिसतात. फॉन्ट करप्ट झालाय का? (ठाण्याची एक शिक्षिका)

उत्तर: नाही, तुमचा मंगल (विंडोजचा स्वतःचा देवनागरी फॉन्ट) ठीक आहे. वेलांटी डावीकडे नेणारा आणि अक्षरं जोडणारा भाग एक्सपीत बसवलेला नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स उघडा, लँग्वेजेस या पानावर कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या ओळीपुढे टिक करा. एक्सपीची सीडी मागेल, ती हाताशी ठेवा. रिस्टार्ट केल्यावर तीच फाइल उघडून बघा.