सूटपत्र म्हणजे काडीमोड नव्हे

मिरजेहून प्रश्न आला आहे: बायबलातल्या ‘सूटपत्रा’ला, म्हणजे बायकोला सोडताना नवऱ्याने द्यायच्या लेखाला, ‘काडीमोड’ म्हणावे का, आणि ते कोणत्या कारणाने देता येई?

म्हणू नये. साताऱ्या-सांगलीकडे हल्ली कोर्टातल्या घटस्फोटापासून पक्षांच्या युतीपर्यंत जे मोडेल त्याचा ‘काडीमोड’ होतो. मूळ काडीमोडात पंचांसमोर खरोखरची काडी मोडायची. कागदाचे काम नाही. सूटपत्राचा जीवच कागदात. बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाप्रमाणे (२४:१) ते लिहायचे, तिच्या हातात द्यायचे, मग तिला घरातून रवाना करायचे. सोडचिठ्ठीचा अर्थ तिच्या नावातच आहे, तिच्यावर शाई खर्च करत नाही.

मूळ हिब्रू ‘सेफेर क्रिथूथ’, त्यात क-र-त म्हणजे कापणे, म्हणून काडीमोडच बरोबर, असे सांगणारे पंडित आहेत. त्यांनी ‘सेफेर’ गिळून टाकला. सेफेर म्हणजे लेख. शिवाय हिब्रूत करारसुद्धा याच धातूने ‘कापतात’. मग करार केला की काडीमोड झाला म्हणायचे?

सूटपत्राचे खरे भावंड म्हणजे फारकत. फारिग म्हणजे मोकळा, खत म्हणजे लेख; फारिगखती, फारखती, फारकत. ‘फुरकत’ म्हणजे विरह, त्यातून ती काढणाऱ्यांना शायरीचा नाद असावा. कर्ज फिटल्यावर सावकार लिहून देई ती फारखत, भागीदारी मिटली तरी फारखत. सांगलीच्या हळदपेठेत भागी मोडणाऱ्या दोन व्यापाऱ्यांना विरह कसला? ग्रीकमध्येही हेच. मत्तयाच्या शुभवर्तमानात (५:३१) सूटपत्रासाठी आलेला ‘अपोस्तासिओन’ हा शब्द इजिप्तच्या जुन्या दस्तांत जमीनविक्रीच्या वेळी येतो: विकणाऱ्याने ‘माझा हक्क उरला नाही’ असे लिहून द्यायचे. ज्यूंच्या ‘गेट’चा, म्हणजे त्यांच्या सूटपत्राचा, गाभाही तोच, ‘तू कोणत्याही पुरुषाला मोकळी आहेस’. ‘अमक्याखेरीज’ अशी अट नवऱ्याने तोंडी घातली, तर लेख परत घेऊन बिनशर्त पुन्हा द्यावा लागे. लेखातच लिहिली तर खोडूनही उपयोग नसे. हक्काचा एक धागा उरला की फारकत झालीच नाही!

हां, कारणे. अनुवादात ‘एर्वत दावार’, काहीतरी लाजिरवाणे. त्याच्या अर्थावर दोन ज्यू धर्मगुरूंचा वाद होता. शम्मयच्या मते फक्त बदफैली. हिल्लेलच्या मते जेवण बिघडवले तरी पुरे. मत्तय १९ मध्ये परूशी (ज्यूंमधला एक कर्मठ पंथ) ‘कोणत्याही कारणावरून’ असे विचारतात ते याच वादातून. येशू जारकर्माचा अपवाद ठेवतो. मार्क १० आणि लूक १६:१८ मध्ये तोही नाही. ग्रीक मूळात ‘पोर्नेया’ (कोणताही अनैतिक शरीरसंबंध) आणि ‘मोइखेया’ (लग्नाशी बेइमानी) वेगळे आहेत. मराठीने जारकर्म आणि व्यभिचार असा भेद राखला आहे, तो पुसू नये. प्रेषित पौल (१ करिंथ ७:१५) म्हणतो, विश्वास न ठेवणारा जोडीदार सोडून गेला तर जाऊ द्या. बहुतेक प्रॉटेस्टंट हे दोन्ही अपवाद मानतात, कॅथलिक पंथ घटस्फोटच मानत नाही.

भारतात मात्र ख्रिस्ती दांपत्याचे लग्न १८६९ च्या घटस्फोट कायद्याखाली कोर्टातच मोडते. चर्चचा कागद त्याला पुरत नाही.