बागेत राबूनही पोट का सुटतं?

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार, वय 42. धाकटा भाऊ हिंजवडीला आयटीत आहे. तो दिवसभर खुर्चीत बसतो, त्याचं पोट सुटलं हे समजतं. पण मी पहाटेपासून बागेत असतो, तरी दिवाळीला दोघांना एकाच मापाचे शर्ट लागले. उंची साडेपाच फूट, वजन 74 किलो. घरचंच जेवतो. माझं काय चुकतंय? – एक वाचक

उत्तर : दादा, तुमच्यासारखे बागायतदार माझ्या दवाखान्यात नेहमी येतात. त्यांना मी आधी दिवसभराचं काम विचारते. बागेत जाणं मोटारसायकलवर. फवारणी ट्रॅक्टरच्या ब्लोअरनं. पाणी ठिबकचं, आणि मोटर मोबाइलवरून चालू. छाटणी, विरळणी टोळी करते, मालक बांधावर उभा राहून लक्ष ठेवतो. दगदग होते, जागरण होतं, दर पडला की झोप उडते. ते सगळं खरं आहे. पण वडिलांच्या काळी पाठ आणि पाय जेवढे चालायचे, तेवढे आता चालत नाहीत. ताट मात्र वडिलांएवढंच राहिलं. वर ज्वारीच्या भाकरीच्या जागी चपात्या आल्या, भात रोजचा झाला आणि कालवणावर तेलाचा तवंग आला.

‘घरचंच जेवतो’ असं जवळजवळ प्रत्येक पुरुष सांगतो. मग मी चहाचं विचारते. घरी दोनदा, टोळीबरोबर एकदा, कृषी सेवा केंद्रात, सोसायटीत, संध्याकाळी कट्ट्यावर, शिवाय कुणी आलं-गेलं तर. सहा कप आणि कपाला दोन चमचे धरले, तरी 60 ग्रॅम साखर झाली, म्हणजे 240 कॅलरी. भूक नसताना, आणि जेवणात न मोजलेल्या. त्याबरोबर खारी किंवा बटर, बाजाराच्या दिवशी भजी, शनिवारी ढाबा. दारूचं तुम्ही लिहिलं नाही. घेत असाल तर ग्रॅमला 7 कॅलरी, तेला-तुपाच्या 9 च्या जवळच, शिवाय सोबत शेंगदाणे आणि फरसाण.

भावाचं दुखणं निराळ्या वाटेनं आलंय. रात्री परदेशातले कॉल, अकराला मागवलेलं जेवण, अपुरी झोप, दारापासून दारापर्यंत गाडी.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) 25 किंवा त्याहून जास्त असलेले पुरुष शहरात 29.8 टक्के होते आणि खेड्यात 19.3 टक्के. कमरेचं नितंबाशी असलेलं प्रमाण पाहिलं, तर दोन्हीकडे जवळपास निम्मे पुरुष धोक्याच्या पातळीवर. मला जास्त काळजी या दुसऱ्या आकड्याची वाटते, कारण आपल्याकडे चरबी पोटात साठते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3 होता. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःचंच उदाहरण छापलं. तुमचा बीएमआय तर 26 च्या वर आहे; भारतीयांसाठी 25 पासून लठ्ठपणा धरतात.

म्हणून घरी शिंप्याची टेप घ्या. पँटच्या मापावर जाऊ नका, पँट पोटाखाली बांधली जाते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर ही मर्यादा.

एकदम सगळं सोडायला मी सांगणार नाही, ते महिनाभरही टिकत नाही. बाहेरचा चहा दोनवर आणा आणि तोही अर्ध्या साखरेचा. रात्री भात नको; भाकरी, मटकी किंवा डाळ, आणि पातेलंभर नव्हे पण ताटात नीट दिसेल एवढी भाजी. घरात महिन्याला तेल किती लागतं ते वहिनींना विचारा, तेवढ्यावरूनच पुष्कळ कळेल. सकाळी बागेच्या सगळ्या ओळी गाडी बांधावर लावून, न थांबता, दम थोडा लागेल अशा चालीनं फिरा. रोज अर्धा तास धरा.

कंबर 90 च्या वर आली तर रक्तदाब, उपाशीपोटी साखर, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) आणि लिपिड (रक्तातली चरबी) तपासून घ्या, आणि भावालाही तपासायला लावा. रात्री मोठ्यानं घोरत असाल आणि दुपारी बांधावर बसल्या बसल्या डोळा लागत असेल, तर तेही डॉक्टरांना जरूर सांगा.